पेट्रोल कॉकची साठ वर्षे

१ एप्रिल २०२० रोजी देश टाळेबंदीत होता. शोरूम बंद होती, रस्ते ओस पडले होते आणि कारखान्यांच्या पाळ्या थांबल्या होत्या. त्याच दिवशी ‘बीएस-६’ हे प्रदूषणाचे नवे निकष देशभर लागू झाले आणि दुचाकीच्या टाकीखालचा एक बोटभर भाग नव्या गाड्यांवरून जवळपास नाहीसा झाला. एखाद-दुसऱ्या स्वस्त मॉडेलचा अपवाद सोडला, तर कार्बुरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आणि टाकीतले पेट्रोल कार्बुरेटरकडे सोडणाऱ्या कॉकचे काम संपले. साथीच्या बातम्यांच्या गदारोळात याकडे लक्ष जाण्याचे कुणालाच कारण नव्हते.

या कॉकने साठ वर्षे दोन कामे केली. पेट्रोल सोडणे आणि अडवणे हे त्याचे नेमलेले काम. पेट्रोल मोजणे हे दुसरे, आणि ते त्याला चालवणाऱ्यांनी आणि मेकॅनिकांनी मिळून दिले होते. गाडी एव्हरेज का देत नाही, हा प्रश्न सोडवण्याची एक पूर्ण विद्या या दुसऱ्या कामाभोवती उभी राहिली. तिचे शिक्षण कुठल्या महाविद्यालयात मिळत नव्हते. गल्लीतल्या गॅरेजात पान्हे पुसता पुसता ती एका पिढीकडून दुसरीकडे गेली. मराठी मध्यमवर्गाच्या घरखर्चाचा इतिहास कधी नीट लिहिला गेला, तर या विद्येला त्यात जागा द्यावी लागेल.

रचना साधी होती. टाकीच्या तळाशी कॉक बसवलेला असतो आणि त्यातून दोन वाटा टाकीत उघडतात. एक वाट टाकीच्या आत दोन-तीन बोटे वर उभ्या असलेल्या नळीची, दुसरी तळालगतच्या भोकाची. कॉक ‘ऑन’वर असताना पेट्रोल उंच नळीतून उतरते. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली की प्रवाह तुटतो आणि इंजिन आचके द्यायला लागते. मग चालत्या गाडीवरच हात खाली जातो, चाचपडत कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवतो आणि तळालगतचे भोक उघडून उरलेले लिटर-दीड लिटर कामाला येते. कॉकच्या आत भोके असलेली एक चकती रबराच्या वॉशरवर फिरते आणि तिला दाबून धरायला नागमोडी स्प्रिंग असते. नळीवर बारीक जाळी आणि अनेक गाड्यांवर खाली गाळ साठवणारी छोटी वाटी. बस्स, एवढेच.

पण या रचनेत एक अचूक माप दडले होते. गाडी रिझर्व्हला लागते त्या क्षणी टाकीतली पेट्रोलची पातळी दर वेळी सारखीच असते. तेव्हा रिझर्व्ह लागली की किलोमीटरचा आकडा टिपून ठेवायचा, दोन लिटर भरायचे, कॉक पुन्हा ‘ऑन’वर आणायचा आणि पुढची रिझर्व्ह लागली की आकडा परत पाहायचा. मधल्या किलोमीटरना दोनने भागले की एव्हरेज हाती येते. त्या काळातल्या बहुतेक मोटरसायकलींवर पेट्रोलचा काटा नव्हता, आणि असलाच तर त्याच्यावर कुणी भरवसा ठेवत नसे. रिझर्व्ह ते रिझर्व्ह हा हिशेब मात्र पक्का. शिक्षक, बँकेतले कारकून, वैद्यकीय प्रतिनिधी, विमा एजंट अशा रोज फिरणाऱ्या माणसांच्या खिशातल्या डायऱ्यांत वाणसामान आणि दुधाच्या हिशेबाशेजारीच हे आकडे असत.

ही तोटी मुळात आली ती सुरक्षेपोटी. १८९४ मध्ये म्युनिचच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मालिकेने मोटरसायकली बांधायला सुरुवात केली, तेव्हा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा फिरवून तिची वाफ इंजिनात नेण्याची पद्धत होती. त्याच सुमारास, १८९३ मध्ये, विल्हेल्म मायबाख आणि बुडापेस्टचे दोनात बांकी व यानोश चोंका यांनी पेट्रोलचा बारीक फवारा करणारे कार्बुरेटर घडवले. फवाऱ्याच्या कार्बुरेटरला पेट्रोलची पातळी कायम एकसारखी लागते. ती राखायला एका लहान कप्प्यात तरंगणारा फ्लोट असतो. पातळी वर गेली की फ्लोट उचलला जातो आणि त्याच्यावरची सुई पेट्रोलची वाट बंद करते. मोटरसायकलची टाकी इंजिनाच्या डोक्यावर असल्याने पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येते, पंप लागत नाही. सोय मोठी, पण सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी आख्खी टाकी रात्रभरात जमिनीवर किंवा इंजिनात रिकामी होऊ शकते. म्हणून टाकी आणि कार्बुरेटर यांच्यामध्ये हाताने बंद होणारी तोटी अटळ ठरली.

ब्रिटिश मोटरसायकलींवर ती पितळी असे आणि आत बुचाच्या लाकडाची गुंडाळी घट्ट बसवलेली असे. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीतले बूच सुकून आकसे आणि तोटी ठिबकू लागे. जुने जाणकार ते बूच काढून गरम पाण्यात टाकत, फुगले की परत बसवत. काही गाड्यांना टाकीच्या दोन बाजूंना दोन तोट्या असत. रोज एकच उघडायची, दुसरी राखीव. पुढे एकाच कॉकमध्ये दोन्ही वाटा आल्या आणि ‘ऑन, ऑफ, रिझर्व्ह’ ही तीन ठिकाणे जगभर रूढ झाली.

भारतात ही रचना मोठ्या संख्येने आली ती स्वातंत्र्यानंतर. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडियाने बुलेटची जुळणी सुरू केली आणि मागे लष्कराची मागणी होती. मुंबईत भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा आणली. १९६० च्या सुमारास बजाजने पियाजियोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली आणि पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. म्हैसूरहून १९६१ मध्ये जावा आली. तिच्या मागे रुस्तुम आणि फारुख इराणी यांचा आयडियल जावा हा उद्योग होता. एस्कॉर्ट्सने १९६२ मध्ये पोलिश आराखड्यावर राजदूत काढली. गावोगावच्या दुधवाल्यांनी राजदूतला कॅन बांधले, बुलेटला ‘फटफटी’ म्हणणाऱ्या पिढीने तिच्या आवाजावरून घरी कोण आले ते ओळखले, आणि या सगळ्या गाड्यांच्या टाकीखाली कॉक होता.

महाराष्ट्रासाठी १९७२ हे वर्ष महत्त्वाचे. पियाजियोशी झालेल्या कराराची मुदत संपल्यावर बजाजने चेतक बाजारात आणली, आणि त्याच वर्षी ह. कृ. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली. तिने पायडल मारून सुरू होणारी पन्नास सीसीची गाडी शिक्षिकांपासून गवळ्यांपर्यंत पोहोचवली. १९७५ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची स्थापना झाली आणि तिथून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी जपण्याचेही एक शास्त्र तयार झाले. चेतकच्या सीटखाली, बॉडीतून बाहेर आलेल्या दांड्याने पेट्रोल बंद-चालू व्हायचे. रात्री गाडी लावताना तो बंद करायचा, हा घरातल्या मोठ्यांचा दंडक होता. तो विसरला आणि फ्लोटची सुई झिजलेली असली, तर सकाळी क्रँककेसमध्ये पेट्रोल साचलेले, प्लग ओला आणि ऑफिसला उशीर. घर जवळ आले की काहीजण कॉक आधीच बंद करत, म्हणजे कार्बुरेटरमधले उरलेले पेट्रोल अंगणात पोहोचेपर्यंत जळून जाई.

दंडक पाळायला आणखी एक सबळ कारण लवकरच मिळाले. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेला. तेल आयात करणाऱ्या भारताला त्याचा जबर फटका बसला. पेट्रोल वाचवणे हे सरकारी धोरण झाले. १९७८ मध्ये त्यासाठी पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, कार्बुरेटर वेळेवर तपासून घ्या, हा उपदेश अनेक वर्षे छापून, ऐकवून आणि दाखवून झाला. सिग्नलवर इंजिन बंद करण्याची सवय बऱ्याच मराठी शहरांत त्यातूनच रुजली.

तोवर देशातल्या बहुतेक दुचाकी टू-स्ट्रोक होत्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळायचे. चेतकसाठी पंपावर लिटरला वीस मिलीच्या हिशेबाने ऑइल घालून घेतले जाई. या इंजिनाची बांधणी सुटसुटीत, पण त्यात एक मूळचा तोटा होता. जळालेला वायू बाहेर ढकलायला ताजे मिश्रणच वापरले जात असल्याने त्यातला बराच हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून निघून जाई. कॉक नवा टाका, जेट बदला, प्लग बदला, हा हिस्सा परत मिळत नसे.

उत्तर जपानकडून आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली. इंड-सुझुकीची एएक्स-१००, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स-१०० आणि कावासाकी-बजाजची केबी-१०० पाठोपाठ आल्या. या तिघी टू-स्ट्रोक. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडाची सीडी-१०० मात्र ९७.२ सीसीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची होती. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात लिटरला ८० किलोमीटरचे आश्वासन देत होती. आरएक्स-१०० च्या पळण्यावर कॉलेजची मुले जीव टाकत, पण पगारदार माणसाने कागद-पेन्सिल घेतली की कौल सीडी-१०० कडे जाई. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटरसायकलींनी स्कूटरना मागे टाकले, आणि २००१ मध्ये हिरो होंडा जगातली सर्वाधिक दुचाकी बनवणारी कंपनी झाली. या यशाचा पाया म्हणजे ‘किती देते?’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर.

आता त्या ८० किलोमीटरचे रस्त्यावर ५५-६० का होतात, हा वाद सुरू झाला. त्याचे एक टोक पुण्यात आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, वेताळ टेकडीवर आहे. तिच्यामुळे पुणेकर त्या भागाला एआरएआय टेकडीच म्हणतात. नव्या गाड्यांच्या धुराची आणि इंधनखपाची चाचणी इथल्यासारख्या प्रयोगशाळांत रोलरवर होते. त्यासाठी ठरवलेल्या भारतीय चालनचक्रात एक फेरी १०८ सेकंदांची होती, सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी २२ च्या आसपास. हे चक्र गर्दीच्या शहराचा वेग लक्षात घेऊन बनवले होते. त्यात कात्रजचा घाट नव्हता, तिघे बसलेले नव्हते, समोरून वारा नव्हता आणि गिअर बदलायला उशीर करणारा हातही नव्हता. प्रयोगशाळेतला आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करायला योग्य होता. विकत घेणाऱ्याने तो घरखर्चाच्या वहीत जसाच्या तसा उतरवला, तिथे फसगत झाली.

मग माणूस गाडी घेऊन गॅरेजात यायचा. ‘पेट्रोल लय खाते’ ही तक्रार ऐकून चांगला मेकॅनिक कार्बुरेटरला लगेच हात लावत नसे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन आधी चाके हाताने फिरवून पाही. ब्रेक धरून राहिला असेल तर चाक दोन फेऱ्यांत थांबते, आणि तो ब्रेक रोज पेट्रोल जाळत असतो. टायरची हवा, चेनचा ताण, क्लच घसरतोय का, चोकची केबल अर्धवट ओढलेली तर नाही ना, हे त्यानंतर. मग एअर फिल्टर. धुळीने भरलेला फिल्टर हवा अडवतो आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलामागे वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण ढळले आहे का, ते सांगायला मेकॅनिककडे एकच उपकरण होते, काढलेला प्लग. टोक फिकट चॉकलेटी असेल तर मिश्रण बरोबर. कोरड्या काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. ओले आणि तेलकट असेल तर दुखणे वेगळे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील पाहावे लागतील.

कार्बुरेटर उघडण्याची वेळ यानंतरच यायची. फ्लोटची पातळी, सुईच्या टोकाला पडलेली रिंग, नीडल जेटचे झिजून लांबट झालेले भोक आणि शेवटी एअर स्क्रू. अर्धवट शिकलेल्या हातांनी याच टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान केले. चोंदलेला जेट हवेच्या दाबाने साफ करायचा असतो. घाईत त्यात तार घातली जाई. भोकाचा व्यास थोडासा वाढला तरी त्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते आणि पेट्रोल त्या मानाने जास्त जाते. साफ केलेली गाडी पहिल्यापेक्षा जास्त पेट्रोल प्यायला लागते ती अशी.

एवढे झाल्यावरही मालकाचे समाधान झाले नाही, तर बाटली निघायची. कॉकची नळी काढून कार्बुरेटरला शंभर मिलीच्या खुणेची प्लास्टिकची बाटली जोडायची, ती हँडलला लटकवायची, मालकाला मागे बसवायचे आणि गाडी बंद पडेपर्यंत ठरलेल्या रस्त्यावर चालवायची. सहा किलोमीटरवर बंद पडली तर साठ, सातवर सत्तर. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरांतही तक्रारी मिटवण्याची हीच रीत होती. या चाचणीचे मोल असे की आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर निघायचा. मेकॅनिक जरा पुढच्या गिअरात, सावकाश चालवायचा, आणि मागे बसलेल्या मालकाला कळायचे की निम्मा फरक आपल्या उजव्या मुठीत आहे.

काही वेळा दोष गाडीत नव्हताच, पेट्रोलमध्ये होता. रेशनवरच्या स्वस्त रॉकेलची पेट्रोल-डिझेलमध्ये भेसळ हे अनेक दशकांचे दुखणे होते. रॉकेलला निळा रंग देऊनही ते थांबले नाही. भेसळीचे पेट्रोल घातलेली गाडी चढावर ठोके मारायची, प्लग काजळायचा, कॉकच्या वाटीत चिकट गाळ आणि पाणी साचायचे. अनुभवी मेकॅनिक ती वाटी उघडून आतला द्रव बोटांवर चोळायचा. पेट्रोल क्षणात उडून जाते, रॉकेलचा तेलकटपणा मागे राहतो. या धंद्यात किती क्रौर्य होते ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. एव्हरेजची तक्रार घेऊन गॅरेजात उभ्या असलेल्या माणसाचा आणि त्या घटनेचा संबंध थेट आहे. सोनवणे ज्यासाठी गेले, ते त्याच्या टाकीत पडणारे पेट्रोल होते.

दरम्यान कॉकही बदलत होता. १९७० च्या दशकात जपानी कंपन्यांनी हाताने बंद करण्याची गरज काढून टाकणारा व्हॅक्यूम कॉक मोठ्या गाड्यांवर आणला. इंजिन चालू असताना इनटेकमध्ये निर्वात ओढ तयार होते. ती एका बारीक नळीने कॉकपर्यंत आणून रबराच्या पातळ पडद्यावर लावायची. ओढ आली की पडदा सरकतो आणि पेट्रोल वाहते, इंजिन थांबले की वाट आपोआप बंद. भारतात ही रचना घराघरात गेली ती २००१ मध्ये आलेल्या होंडा ॲक्टिव्हासारख्या गिअर नसलेल्या स्कूटरांमुळे. ऑटो कॉक म्हणून ती दुकानांत मिळते. चालवणाऱ्याला कॉक दिसतही नाही, रिझर्व्ह फिरवावी लागत नाही, काट्यावर नजर ठेवली की पुरे.

या सोयीबरोबर एक नवा आजार आला, आणि तो ओळखायला अनेक गॅरेजांना वेळ लागला. पडद्याचे रबर काही वर्षांत कडक होते आणि त्याला बारीक चीर पडते. मग पेट्रोल मुख्य नळीशिवाय त्या ओढ देणाऱ्या बारीक नळीतूनही थेट इंजिनात जायला लागते. हे पेट्रोल कार्बुरेटरच्या कुठल्याच जेटमधून मोजून येत नाही. एव्हरेज एकदम कोसळते, प्लग काळा पडतो, गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देते, कधी इंजिन ऑइललाच पेट्रोलचा वास येतो. मालक कार्बुरेटर साफ करून घेतो, जेट बदलतो, शेवटी कार्बुरेटरच नवा टाकतो आणि दुखणे कायम राहते. तपास मात्र दोन मिनिटांचा आहे. इंजिनाकडची बारीक नळी काढायची. ती आतून पेट्रोलने ओली असेल तर पडदा फाटला. इंजिन बंद असताना मुख्य नळी काढून पाहायची. पेट्रोल ठिबकत राहिले तर कॉक बंद होत नाही.

बदलण्याचे कामही अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. इंजिन गार, आसपास ज्योत किंवा बिडी नाही, आधी टाकी पूर्ण रिकामी. दोन स्क्रू किंवा एक मोठा नट सोडवला की जुना कॉक हाती येतो. त्याच्या जाळीवर काय अडकले आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. लालसर भुकटी असेल तर टाकी आतून गंजली आहे आणि ती साफ केल्याशिवाय नवा कॉकही महिन्याभरात चोंदेल. पावसाळ्यात झाकणाच्या सीलमधून झिरपलेले पाणी तळाशी साचते, म्हणून कोकणातल्या आणि मुंबईतल्या टाक्यांचा तळ आधी जातो. नवी ओ-रिंग, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळणे, कडक झालेली पेट्रोलची नळी आणि तिची क्लिप बदलणे, शेवटी टाकीत लिटरभर घालून कागद खाली धरून ठिबक पाहणे. झाकणाचे हवेचे भोक बंद नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. ते चोंदले तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल उतरत नाही आणि निर्दोष कॉक दोषी ठरतो. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चेतकपासून पल्सरपर्यंतचे कॉक आणि त्यांची वॉशरची किट अजून मिळतात. पेट्रोलचोरीला कंटाळलेल्यांसाठी किल्लीने बंद होणारे कॉकही याच बाजारात विकले गेले.

इंजेक्शनची चाहूल २००६ मध्येच लागली होती. हिरो होंडाची ग्लॅमर एफआय ही देशातली पहिली इंजेक्शनची मोटरसायकल. पाठोपाठ २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आली, पण २००९ मध्ये बजाजने तीच गाडी कार्बुरेटर लावून स्वस्तात आणली. ग्राहकाने ती उचलून धरली. इंजेक्शन महाग होते आणि दुरुस्तीसाठी गल्लीतला मेकॅनिक चालत नव्हता. पुढचा रेटा बाजारापेक्षा नियमांचा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहनइंधन धोरणाचा अहवाल दिला आणि भारत स्टेजच्या पायऱ्या आखल्या गेल्या. त्या पायऱ्या चढत दुचाकी २०१७ मध्ये बीएस-४ वर आणि २०२० मध्ये थेट बीएस-६ वर पोहोचली. धुराची नवी मर्यादा पाळायची तर दर फेऱ्याला किती पेट्रोल द्यायचे ते संगणकाने ठरवणे भाग होते.

यात फायदा झाला, तो मान्य करायला हवा. शहरांची हवा धुरापासून सुटावी म्हणून हा बदल गरजेचा होता. थंडीत चोक नको, घाटमाथ्यावर विरळ हवेचा त्रास नाही, मिश्रण आपोआप जुळते. पण टाकीत आता पंप आहे, तो पेट्रोलमध्ये बुडालेला राहूनच गार राहतो, त्यामुळे टाकी कोरडी होईपर्यंत गाडी रेटणे महागात पडते. प्लगचा रंग पाहून निदान करणाऱ्या हातात स्कॅनर द्यावा लागतो, आणि तो विकत घेणे, त्याचे कोड शिकणे हे प्रत्येक लहान गॅरेजला परवडलेले नाही. रिझर्व्ह ते रिझर्व्ह हा हिशेब संपला. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले, त्या वेळी नव्या गाडीचा मालक डिस्प्लेवर उमटणारा एव्हरेजचा आकडा वाचत होता. तो आकडा तपासून पाहण्याचे जुने साधन त्याच्या हातात उरले नव्हते.

कार्बुरेटर आणि कॉक असलेल्या असंख्य गाड्या मात्र आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्यासमोर इथेनॉलचा प्रश्न आहे. त्याची मुळेही याच मातीत आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, मिरजेला आणि मनमाडला. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले आणि २०२५ मध्ये वीस. साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना त्यातून आधार मिळाला, तेलाची आयात कमी झाली. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचे एव्हरेज वीस टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि जुन्या जातीचे रबर त्यात फुगते किंवा चिरते. ऑटो कॉकचा पडदा, साध्या कॉकचा वॉशर, ओ-रिंग, फ्लोटच्या सुईचे रबरी टोक, सगळे त्या माऱ्यात येते.

साठ एव्हरेज देणारी गाडी अठ्ठावन्नवर आली तर ते इंधनाचे गणित समजावे. ती पंचेचाळीसवर आली तर ते गणित नाही, तो दोष आहे, आणि तो शोधण्याची रीत वर सांगितलेलीच आहे. त्यासाठी दोन गोष्टी व्हायला हव्यात. कॉक आणि कार्बुरेटरची किट बनवणाऱ्यांनी पाकिटावर रबर वीस टक्के इथेनॉलला चालते की नाही हे ठळक मराठीत छापावे. आणि आयटीआयच्या दुचाकी अभ्यासक्रमात स्कॅनरच्या जोडीला बाटलीची चाचणी, प्लगचे वाचन आणि व्हॅक्यूम कॉकची तपासणी राहू द्यावी, कारण खेड्यातला शेतकरी, फेरीवाला आणि डिलिव्हरी करणारा मुलगा अजून बरीच वर्षे याच गाड्यांवर पोट भरणार आहेत.